सरांचं शून्य

क्लासमधल्या गमतीजमती लिहा, असं संपादकबाई म्हणाल्या तेव्हा मी लगेच हो म्हणून बसलो. गमतींना माझ्याकडे तोटा नाही. बोईसर स्टेशनातून एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, औषधांच्या दुकानाच्या माडीवर मी इतकी वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवतो आहे की खालचा दुकानदार मला शेजारी न समजता इमारतीचाच भाग समजतो. पण कागद पुढे घेतला आणि गंमत काही सुचेना. गेल्या पावसाळ्यानंतर जे झालं तेच पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर यायला लागलं. ते झाल्यापासून मला माझ्याच क्लासचा जिना चढायची लाज वाटते. आधी तो चढताना फक्त गुडघे दुखायचे.

तेव्हा संपादकबाईंची क्षमा मागून गंमत थोडी सांगतो आणि बाकीचं जे आहे ते सांगतो.

मी मूळचा धुळ्याकडचा. तारापूरच्या एका कारखान्यात नोकरीला लागलो. तिथल्या कॉम्प्युटरशी माझं जमलं, साहेबांशी जमलं नाही, म्हणून क्लास काढला. माझ्याकडे येणारी मुलं बहुतेक कामगारांची. कुणाचे वडील कापडाच्या कारखान्यात, कुणाचे केमिकलमध्ये, कुणाचे अणुकेंद्रात ठेकेदाराकडे. काही डोंगरपट्ट्यातली, पावसावर भात घेणाऱ्या घरांतली, ज्यांचे आईवडील दिवाळी झाली की कामाला बाहेर पडतात. या मुलांना दुसऱ्या क्लासमध्ये काय शिकवतात ते मला माहीत नाही. माझ्याकडे मोठ्या संख्यांचं गणित शिकवलं जातं आणि त्यासाठी पालघरपासून डहाणूपर्यंत माझं नाव आहे. होतं, असं म्हणू.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटर गणितात हुशार असतो ही अफवा आहे. संख्या ठेवायला त्याच्याकडे ठरावीक मापाचं भांडं असतं. त्यात अठरा-एकोणीस अंकी संख्या मावते. त्याहून मोठी ओतलीत तर तो तक्रार करत नाही. सांडू देतो, आणि तळाशी जे उरेल ते उत्तर म्हणून तुमच्यापुढे ठेवतो, तेही तोंड वर करून. मग मोठी संख्या ठेवायची कशी? तर तिचे अंक सुटे करायचे. डब्यांची एक लांब रांग घ्यायची, तिला आम्ही ॲरे म्हणतो, आणि एका डब्यात एकच अंक ठेवायचा. एककाचा पहिल्यात, दशकाचा दुसऱ्यात, असं उलटं. कारण बेरीज एककापासून सुरू होते आणि हातचा पुढच्या डब्यात टाकायचा असतो. शेवटच्या हातच्यासाठी एक रिकामा डबा आधीच ठेवायचा, नाहीतर तो बिचारा बाहेर उभा राहतो.

बाकी सगळं चौथीत शिकवतात तेच. मुलं म्हणतात, सर, हे तर शाळेतलंच आहे. मी म्हणतो, हो, फक्त शाळेत तुम्ही विद्यार्थी होतात. आता तुम्ही मास्तर आहात आणि हा समोरचा डबा मठ्ठ विद्यार्थी आहे. त्याला हातचा म्हणजे काय हेसुद्धा तुम्हालाच सांगायचंय.

आता काही नव्या भाषांत हे सगळं आपोआप होतं, एका ओळीत, हे मला माहीत आहे. ते मला ऐकवायला दरवर्षी एक तरी शहाणा येतो. पण इथल्या कारखान्यांत मशीनच्या पोटात नखाएवढी चिप असते, तिला त्या भाषा पेलत नाहीत. तिथे अजून जुनी सी भाषाच चालते. केमिकलच्या ड्रमवर जी पट्टी चिकटवतात तिच्यावर लांबलचक क्रमांक असतो. मशीनने तो बरोबर वाचला की नाही, हे तपासायला त्याला एका ठरलेल्या संख्येने भागून बाकी बघतात. हे करणाऱ्या मशिनी बनवणारी एक कंपनी आमच्या एमआयडीसीत आहे. तिथे माझी मुलं लागतात, म्हणून माझा क्लास चालतो.

गंमत म्हणाल तर घिवलीचे एक काका एकदा आले होते. अणुकेंद्रातून निवृत्त झालेले, भजनी मंडळ चालवणारे. मंडळात चोवीस माणसं आणि पेटीशेजारी कोणी बसायचं यावरून रोज भांडण. काकांना हवं होतं की चोवीस माणसं एका ओळीत किती प्रकारे बसवता येतील ते काढून द्यावं. मी प्रोग्रॅम चालवला. चोवीस माणसांसाठी बरोबर चोवीस अंकी संख्या आली, ६२०४४८४०१७३३२३९४३९३६००००. काका बघतच राहिले. “ही वाचायची कशी?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, परार्धापर्यंत शब्द आहेत, ही त्याच्याही पुढे गेलीय, नुसते अंक वाचा. त्यांनी ते मंडळात वाचून दाखवले आणि म्हणाले, एवढे प्रकार मोकळे असताना आपण एकाच जागेवर भांडतोय. भांडण थांबलं नाही, पण काकांनी मला श्रीसत्यनारायणाचा प्रसाद आणून दिला. आमच्या धंद्यात अशी बक्षिसं मिळतात.

आता भागाकाराकडे येतो. भागाकार हे माझ्या क्लासचं हुकमी पान. इतर सगळं एककाकडून करायचं, भागाकार मात्र मोठ्या अंकाकडून. डावीकडचा अंक घ्यायचा, भाग लावायचा, उरलेली बाकी पुढच्या अंकाच्या डोक्यावर बसवायची, पुन्हा भाग लावायचा. हे शिकवायला माझं एक ठरलेलं उदाहरण होतं. ८६४१९७५२३ ही संख्या फळ्यावर तीनदा लागोपाठ लिहायची, म्हणजे सत्तावीस अंक होतात, आणि तिला साताने भागायचं. मुलं श्वास रोखून बघतात. पडद्यावर उत्तर उमटतं, १२३४५६७८९, पुन्हा १२३४५६७८९, पुन्हा १२३४५६७८९. दरवर्षी टाळ्या पडायच्या. मला टाळ्या आवडतात. आवडतात म्हणूनच मी उदाहरण कधी बदललं नाही.

त्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती. पस्तिसाला साताने भागलं तर पहिल्या तिनात सात जात नाहीत, म्हणून शून्य येतं, आणि उत्तर ०५ असं छापलं जातं. ते पुढचं शून्य वाईट दिसतं. म्हणून मी कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं, शून्य आलं तर छापू नकोस.

वाचकांपैकी ज्यांना चौथीत भागाकारावर मार बसला असेल त्यांना यातली चूक एव्हाना दिसली असेल. मला ती इतक्या वर्षांत दिसली नाही.

मनाली दातिवऱ्याची. घरी होडी, वडील आणि काका मासेमारीला जातात, आई मासळी विकते. पदवी झाल्यावर ती माझ्याकडे आली. सकाळी आईबरोबर बाजार, मग सफाळ्यापर्यंत बस, तिथून गाडी. सकाळची बॅच संपून गेलेली असायची आणि संध्याकाळच्या बॅचपर्यंत थांबली तर परतीची बस चुकायची. म्हणून मी तिला दुपारी एकटीलाच शिकवायला लागलो. दुपारी मी झोपतो, हे सगळ्या बोईसरला माहीत आहे. झोप मोडून मी शिकवत होतो, यावरून समजा.

ती फार बोलायची नाही, पण समजलं नाही तर सोडायची नाही. “सर, हातचा तिसऱ्या डब्यात गेला, पन तो डबा तर भरलेला हाय, मंग तिथला कुटं गेला?” असं विचारायची. तिच्या प्रश्नांनी मला माझाच विषय पुन्हा आवडायला लागला होता. मी तिला गंमत म्हणून कधी ओरडलोही नाही, आणि ओरडणं ही माझी जगजाहीर सवय आहे. त्या मशीनवाल्या कंपनीत जागा निघाली तेव्हा मीच तिथे फोन केला. तिथे राकेश होता, माझा जुना विद्यार्थी, आता मोठ्या हुद्द्यावर. मी त्याला म्हटलं, मुलगी पाठवतोय, माझ्याकडे आजवर आलेल्यांत हिच्याइतकी चांगली कुणी नव्हती. मनालीच्या घरी या नोकरीवर पुष्कळ काही टेकलं होतं. धाकट्या बहिणीचं कॉलेज, आणि आईचे पाय, जे आता टोपलीचं ओझं पेलत नव्हते.

काही दिवसांनी संध्याकाळच्या बॅचमधला संदेश पेढे घेऊन आला. उमरोळीचा मुलगा, बरा, पण आळशी. त्याच जागेसाठी तोही गेला होता, हे मला माहीतसुद्धा नव्हतं. तो माझ्या पाया पडला.

“सर, लागलो,” तो म्हणाला.

“आणि मनाली?”

तो स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला. “तिचा भागाकार चुकला म्हणे, सर.”

“तिचा चुकला आणि तुझा बरोबर आला?”

“सर, तिला कुणी...” एवढं बोलून तो थांबला. मला वाटलं, तो शरमला. पेढा हातात तसाच होता. मी तो डब्यात परत ठेवला, आणि पोराचं तोंड उतरलं. त्या पेढ्याची मला आज वेगळी लाज वाटते.

मनालीला फोन केला तर तिच्या आईने उचलला. “ती नाय येनार, सर. आत बसलेली हाय. सरांचं नाव घालवलं म्हनते.” माझं डोकं फिरलं. माझी खात्री झाली की खाडीवरची पोर, आई मासळी विकते, बोलणं गावाकडचं, म्हणून तिला डावललं. दुसऱ्या दिवशी सरळ रिक्षा केली आणि कंपनीत गेलो.

बाहेरच्या खोलीत पाच-सहा माणसं बसलेली होती. राकेश धावत आला, वाकून नमस्कार करायला लागला. मी त्याला वाकू दिलं नाही.

“सांग सगळ्यांसमोर,” मी म्हटलं. “दातिवऱ्याची पोर म्हणून नको झाली ना तुम्हाला?”

“सर, अंदर चलिए ना,” राकेश म्हणाला. त्याचे वडील उत्तरेतून इथे कापडाच्या कारखान्यात आलेले. पोरगा इथेच वाढला, मराठी उत्तम बोलतो, पण घाबरला की हिंदीवर येतो.

“आत कशाला? मी शिकवलेली मुलगी आहे ती. तिचा भागाकार चुकूच शकत नाही. माझा भागाकार आहे तो.”

हे वाक्य मी मोठ्याने बोललो. तिथल्या सगळ्यांनी ऐकलं. राकेशने आजूबाजूला बघितलं, मग हळूच लॅपटॉप आणून माझ्यासमोर ठेवला. पडद्यावर मनालीने परीक्षेत लिहिलेला प्रोग्रॅम होता. वाचताना मला बरंच वाटलं. एकेक ओळ माझी होती.

“यात चूक कुठाय?” मी म्हटलं. “हे तर मी शिकवलं तसंच आहे.”

“वही तो, सर,” राकेश म्हणाला.

त्याने सहाशे बारा ही संख्या घातली आणि सहाने भागायला सांगितलं. पडद्यावर उत्तर आलं, १२.

सहाशे बारा भागिले सहा म्हणजे एकशे दोन. सहात सहा एकदा गेले, एकात सहा जात नाहीत, म्हणून शून्य, मग बारात दोनदा. मधलं शून्य माझ्या त्या एका ओळीने गिळलं होतं. पुढचं शून्य छापू नकोस, एवढंच मला सांगायचं होतं. मी सांगितलं होतं, कुठलंच छापू नकोस. आणि माझ्या टाळ्यांच्या उदाहरणात एक ते नऊ सगळे अंक होते, शून्य नव्हतं.

मी म्हटलं, पुन्हा कर. त्याने पुन्हा केलं. मी म्हटलं, दुसरी संख्या घे. त्याने आठशे चोवीस घेतली आणि आठने भागली. उत्तर आलं, १३. खरं एकशे तीन.

“आपको याद नहीं होगा,” राकेश खालच्या आवाजात म्हणाला. “मैंने पूछा था, सर, क्लास में. सहाशे बारा डालके देखिए, बोला था.”

मला आठवत होतं. तो तेव्हा तिसऱ्या बाकावर बसायचा. मी त्याला म्हटलं होतं, आधी फळ्यावर आहे तेवढं उतरवून घे, मग आम्हाला शिकव. वर्ग हसला होता आणि मला छान वाटलं होतं. नंतर दुसऱ्या एका मुलाने चाचणीत एक जादा निशाणी ठेवून, पहिला खरा अंक आला की नाही हे बघून, शून्य नीट छापलं होतं. मी त्याचे गुण कापले आणि लाल पेनाने लिहिलं, नको तिथे शहाणपणा. मला वाटलं, पोरगं उगाच लांबण लावतंय.

“तेव्हापासून जिन्यावर सांगतो आम्ही सगळे,” राकेश म्हणाला. आता तो मराठीवर आला होता, म्हणजे त्याची भीती गेली होती. “एक बॅच उतरते, दुसरी चढायची असते. जुने नव्यांना सांगतात, सरांचं शून्य गळतं. क्लासमध्ये सरांसारखंच लिहा, बाहेर नीट लिहा.”

“सगळ्यांना माहीत आहे?”

“सगळ्यांनाच, सर. ते अजून चालू आहे, हे मलाही परवा संदेशकडून कळलं.”

“मग मनालीला?”

“ती दुपारी एकटी यायची ना. जिन्यावर कोण भेटणार तिला?”

मी त्याला विचारलं, तू तरी का नाही मला सांगितलंस, इतकी वर्षं? तो म्हणाला, “मला वाटलं, तुम्ही एव्हाना ठीक केलं असेल.” हे तो मनापासून म्हणाला. ते ऐकून मी आणखीच लहान झालो. कुणीतरी मला पाणी आणून दिलं. मघाशी माझं ओरडणं ऐकणारी सगळी माणसं आता मोबाइलमध्ये बघत होती. ती मला न्याहाळत असती तर बरं झालं असतं.

मी राकेशला म्हटलं, तिची पुन्हा परीक्षा घे. तो म्हणाला, जागा एकच होती, संदेशला पत्र गेलं. संदेशला काढा, असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार होतो? तोही माझाच विद्यार्थी. त्याने एवढंच केलं होतं, की जिन्यावर ऐकलेलं लक्षात ठेवलं होतं.

संध्याकाळी वर्गात मी सगळ्यांसमोर सहाशे बारा भागिले सहा चालवलं. बारा आले. कुणी हसलं नाही, कुणी चकित झालं नाही. “कुणाकुणाला माहीत होतं?” मी विचारलं. एकही हात वर गेला नाही. मग विक्रमगडची एक मुलगी, जी वर्षभरात माझ्याशी दोन वाक्यं बोलली नसेल, उभी राहिली आणि म्हणाली, “सर, तुमी रागावनार नाय ना?” मी मान हलवली. “मंग सगळ्यांनाच,” ती म्हणाली आणि खाली बसली. इतकी वर्षं मी समजत होतो की माझ्या वर्गात शिस्त आहे.

रविवारी दातिवऱ्याला गेलो. सफाळ्याहून बसने. त्यांच्या अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घातले होते आणि मनालीची आई खाली बसून सुकट निवडत होती. मनाली आतून आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “सर, मी तुमचं नाव घालवलं. तुमी फोन करून सांगितलेलं, आनि मी साधा भागाकार चुकवला.”

“तू नाही चुकवलास,” मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. माझी ती ओळ, राकेश, लाल पेन, जिना. काही लपवलं नाही. तिची आई निवडायचं थांबून ऐकत होती. तिला गणितातलं समजत नसावं, पण माझं तोंड बघून बाकीचं समजत होतं.

मनाली आईशेजारी बसली. मग म्हणाली, “मला दिसलं होतं, सर.”

“काय दिसलं होतं?”

“शून्य. परीक्षेच्या आदी घरी बघितलेलं. मी माजा मोबाइल नंबर घातला आनि सहानं भागला. फोनमधल्या कॅल्क्युलेटरचं येगळं आलं, आपल्या प्रोग्रॅमचं येगळं. आपल्यात एक अंक कमी.”

“मग बदललं का नाहीस?”

“मला वाटलं, फोन चुकतो. तुमी सांगितलेलं ना, मोठ्या संख्येत फोनवर भरोसा ठेवू नका म्हनून.”

सांगितलेलं होतं. आणि ते खरंही आहे. फोनचा कॅल्क्युलेटर फार लांब संख्या गोल करून दाखवतो, म्हणूनच आम्ही डब्यांची रांग वापरतो, असं मी प्रत्येकाला बजावतो. पण मोबाइल नंबर म्हणजे काही लांब संख्या नव्हे. तिथे फोन बरोबर होता. समोर दोन उत्तरं असताना त्या पोरीने कागद घेऊन स्वतः भागाकार करून बघितला नाही. तिला गरजच वाटली नाही. मी तिला माझ्यावर इतका विश्वास ठेवायला शिकवलं होतं. वर्गातली बाकीची पोरं मला घाबरून खोटं लिहीत होती, आणि जिला मी कधी ओरडलो नाही ती विश्वासाने खोटं लिहून आली. दोन्ही माझंच काम.

“मंग आता नोकरीचं काय, सर?” आईने विचारलं.

“ती जागा भरली,” मी म्हटलं.

“कोन लागला?”

“माझ्याच क्लासचा मुलगा.”

“त्याला बरोबर शिकवलंत?”

“नाही,” मी म्हटलं. “त्यालाही असंच शिकवलं.”

आई पुन्हा सुकट निवडायला लागली. मनाली म्हणाली, “सगळ्यांना म्हाईत होतं. मलाच नाय.” आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं. ती उठून आत गेली आणि मी असेपर्यंत बाहेर आली नाही. आईने चहा दिला. मी प्यायलो. त्या चहाला नाही म्हणायचा हक्क आपल्याला नाही असं वाटलं.

त्यानंतर मी क्लासमध्ये बरंच बदललं. टाळ्यांचं उदाहरण काढून टाकलं. आता पहिल्या दिवशी मुलांना सांगतो, माझा प्रोग्रॅम खोटा पाडून दाखवा. पाडत नाहीत. बसून राहतात, नम्रपणे. परवा दोघं जिन्यावर कुजबुजत होती, मी येताना दिसलो तशी गप्प झाली. मी विचारलं, काय रे, आता काय गळतंय? “काही नाही, सर,” म्हणाली. खरंच काही नसेल. पण मला ते कळायला आता मार्ग नाही. ओळ दुरुस्त करायला मला मिनिटही लागलं नव्हतं.

मनाली क्लासला परत आली नाही. मी एकदा निरोप पाठवला की दुपारी येत जा, बाकीचं पूर्ण करू. उत्तर आलं नाही. दिवाळीच्या थोडं आधी राकेशचा फोन आला. त्यांच्याकडे आणखी एक जागा निघाली होती आणि मनाली स्वतःहून गेली होती. या वेळी मी शिफारस केली नव्हती, मला माहीतच नव्हतं.

“घेतली तिला,” राकेश म्हणाला. “सर, बहुत अच्छा लिखा. आम्ही मुद्दाम वाकड्या संख्या दिल्या, सगळ्या पार केल्या.”

“भागाकार कसा लिहिला?”

“आपल्या पद्धतीने. म्हणजे तिच्या पद्धतीने, सर.” तो जरा थांबला. “तुमच्यासारखं त्यात काहीच नव्हतं.”

त्याला आणखी काही सांगायचं होतं, ते मला कळत होतं. तो पुन्हा हिंदीवर आला.

“सर, साहब ने पूछा उसको, प्रोग्रॅमिंग कहाँ सीखा. मैं वहीं बैठा था. बोली, घर पे. आप बुरा मत मानिए.”

“नोकरी पक्की झाली ना तिची?”

“पक्की, सर.”

“मग खरं तेच सांगितलं तिने,” मी म्हटलं.